भाच्याचं बायॉलॉजी: पुस्तक निवडायला निघालो आणि रायटरपासून सुरुवात करावी लागली

भाच्याला डिस्लेक्सिया आहे, म्हंजे डोकं चालतं पण वाचणं-लिहिणं अडतं. तो अकरावी सायन्सला गेला आणि दिवाळीच्या आतच घरी येऊन बसला. तासगाव तालुक्यातलं गाव, दाजींची तीन एकर द्राक्षबाग, दहावीपर्यंत शाळा गावातलीच मराठी माध्यमाची. तिथं सरांनी सांभाळून घेतलं, बोर्डाला रायटर (ह्यानं सांगायचं, त्यानं लिहायचं) मिळाला, जादा वेळ मिळाला, ५८ टक्के पडले, घरात पेढे वाटले. मग कॉलेजला शहरात. वर्गात शंभरच्या आसपास पोरं, नोट्स इंग्लिशमधनं सांगायच्या आणि पोरांनी उतरवून घ्यायच्या, ह्याच्या दोन ओळी होईपर्यंत पुढच्या मुद्द्याचा फळा भरून पुसूनसुद्धा झालेला असायचा. पहिल्या युनिट टेस्टला बायोमध्ये २५ पैकी ४. ताईचा फोन आला, "तू शिकवण्या घेतोस न्हवं, मग आता तूच बघ ह्याचं काय ते."

मी सांगलीत विश्रामबागला अकरावी-बारावीच्या बायोच्या शिकवण्या घेतो. डिस्लेक्सियाचा एक्स्पर्ट वगैरे अजिबात नाही. पण ह्या पोरामागं दीड-दोन वर्षं गेली आणि आता ओळखीतले पालक विचारतात की कुठलं पुस्तक घेतलं, कुठला कोर्स लावला, म्हणून जे झालं ते चुकांसकट लिहून ठेवतोय.

आधी पोराचं सांगतो. ऐकून त्याला सगळं कळतं, माझ्या क्लासमधल्या हुशार पोरांपेक्षा चार पावलं पुढंच असंल, पण छापील ओळ समोर आली की गाडी अडते. मराठीत निदान जे लिहिलंय तेच वाचायचं असतं, तरी जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी त्याला दमवतात, कारण वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी येते आणि तोंडात नंतर. 'प्रकाशसंश्लेषण' वाचायला त्याला पंधरा-वीस सेकंद लागतात, आणि म्हंजे काय विचारलं तर वेलीची कुठली पानं घडाला पोसतात इथपर्यंत सांगून मोकळा होतो. इंग्लिशमध्ये ह्याच्यापेक्षा अवघड. झाडात पाणी वाहणारं झायलेम लिहायचं एक्सनं, अन्न वाहणारं फ्लोएम लिहायचं पी-एचनं, त्यानं मला एकदा विचारलं, "मामा, हे मुद्दाम केलंय का ओ?"

आणि इथंच आपल्याकडची खरी गोची आहे. राज्य बोर्डाचं अकरावी-बारावी सायन्स इंग्लिशमधनंच चालतं. म्हणजे मराठी माध्यमाचं पोर दहावीपर्यंत तंतुकणिका, हरितलवक, केंद्रक शिकतं आणि जूनमध्ये एकदम मायटोकॉन्ड्रिया, क्लोरोप्लास्ट, न्यूक्लिअस. साध्या पोराला सहा महिने लागतात सावरायला, ह्याला तर दुहेरी मार.

घरी बसवून शिकवायचं ठरलं तेव्हा पहिले दोन महिने मी जी चूक केली ती बहुतेक सगळेच करतात, सगळ्यात चांगलं पुस्तक शोधत बसलो. ताईची नणंद अमेरिकेत, तिनं ढीगभर लिंक पाठवल्या. तिकडं होमस्कूलिंग मोठं आहे, हायस्कूल बायॉलॉजीची आख्खी पॅकेजं मिळतात, पुस्तक, लॅबचं किट, टेस्ट पेपर सगळं एका खोक्यात. बघताना हरखून जायला होतं. पण त्यातली काही गाजलेली पॅकेजं ख्रिश्चन श्रद्धेच्या अंगानं लिहिलेली, उत्क्रांतीच्या धड्याला सूरच वेगळा, आपल्या परीक्षेला ते चालणार नाही. आणि खोकं मागवायचा खर्च ऐकून दाजी नुसते "बरं" म्हणाले, दाजींचं "बरं" म्हंजे नाही.

तरी तिकडच्या पालकांकडनं एक कामाची गोष्ट उचलली. ते कानानं वाचणं आणि डोळ्यानं वाचणं वेगळं धरतात. वाचायची प्रॅक्टिस वेगळ्या वेळी, आणि बायो शिकताना पुस्तक सरळ ऐकायचं, त्यात कमीपणा काय नाही. तिकडं लर्निंग ॲली नावाची संस्था आहे, १९४८ साली युद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करायला सुरू झालेली, आज तिची बरीचशी गिऱ्हाईकं डिस्लेक्सियावाली पोरं आहेत. आपल्याकडंपण २०१२ साली कॉपीराइट कायद्यात बदल झाला, छापील वाचता न येणाऱ्यांसाठी पुस्तकाचं ऐकता येईल असं रूप करायला परवानगी लागत नाही, आणि सुगम्य पुस्तकालय नावाची ऑनलाइन लायब्ररी आहे. हे मला वीस वर्षं शिकवण्या घेऊनपण माहीत नव्हतं, खरं सांगतो लाज वाटली.

मग एक दिवस ताईनंच सरळ विचारलं, "पुस्तक कुठलंपण घे रे, पण शेवटी परीक्षा कोण घेणार, आणि ह्यो लिहिणार कसा?" तिथनं सगळं उलटं फिरलं.

परीक्षेपासून मागं यायचं म्हटल्यावर पर्याय पटापट गळाले. कॉलेजला न जाता बाहेरनं बोर्डाला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आपल्याकडं सगळ्यांना माहिती, पण त्यावर पोरं आर्ट्स-कॉमर्सला बसतात, सायन्सला प्रॅक्टिकल आडवं येतं. केंब्रिजचं आयजीसीएसई दहावीच्या तोडीचं, ते ह्यानं केलेलंच, त्यापुढं ए लेव्हल, त्यासाठी पुण्याच्या चकरा आणि फी. उरलं एनआयओएस, म्हंजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, घरी शिकून ज्याची परीक्षा देता येते ते बोर्ड. बारावीचं बायॉलॉजी, विषय कोड ३१४, थेअरी ८० आणि प्रॅक्टिकल २०, पास व्हायला ३३ टक्के. वर्षात दोनदा परीक्षा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, पाच वर्षांत नऊ संधी, आणि सगळ्यात मोठं म्हंजे सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, एकेक सोडवत जाता येतं. धड्यांचीपण वाटणी केलेली, साधारण ४० टक्के धडे घरनं लिहून द्यायच्या असाइनमेंटला, ज्याला टीएमए म्हणतात, आणि बाकीचे परीक्षेला. पेपरात निम्मे मार्क ऑब्जेक्टिव्ह. ज्या पोराला लिहायचं संकट आहे त्याच्यासाठी ह्या चार ओळी कुठल्याही रंगीत पुस्तकापेक्षा जास्त किमतीच्या.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न, "मग नीटला बसता येतं का?" येतं. पण ह्याला डॉक्टर व्हायचंच नाही, ह्याला राहुरीच्या विद्यापीठाचं कृषी कॉलेज हवंय, कोल्हापूरला त्यांचंच आहे, तिथनं बीएस्सी ॲग्री करून बागेत यायचंय. त्यासाठी फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायो किंवा मॅथ्स लागतं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात. त्या कायद्यात डिस्लेक्सिया धरलेला आहे, हे अजून कित्येक पालकांना माहीत नाही. सर्टिफिकेट मात्र ताजं लागतं. २०१८ च्या सूचनांत तपासणी ८, १४ आणि १८ व्या वर्षी सांगितली होती, आमच्याकडं सातवीतलं जुनं, त्याच्यासाठी एका दवाखान्यात पाच हेलपाटे झाले, त्यावर लिहायला बसलो तर बायो राहून जाईल. एवढंच सांगतो, पुस्तक घ्यायच्या आधी सर्टिफिकेटच्या लाइनीत उभं राहा.

एनआयओएसला हिंदी माध्यमपण आहे. मला मोह झाला, देवनागरी लिपी, संस्कृतातले ओळखीचे शब्द. पण कृषीला पुढं इंग्लिशच आहे आणि ऐकायला जे चांगलं ते इंग्लिशमध्ये जास्त, म्हणून माध्यम इंग्लिश ठेवलं. हा निर्णय बरोबर होता का ह्यावर ताई आणि मी अजून भांडतो.

आता पुस्तक. एकच धडा, पेशी, तीन ठिकाणनं शिकवून बघितला, प्रत्येकाला एक आठवडा. पहिला आठवडा अकरावीचं नेहमीचं पुस्तक, मी शेजारी बसून. दुसरा आठवडा व्हिडिओ, खान अकॅडमी आणि एका कंपनीचा विकतचा कोर्स. तिसरा आठवडा एनआयओएसचा धडा फोनला वाचायला लावून, ॲन्ड्रॉइडमध्ये सिलेक्ट टू स्पीक म्हणून असतं, ओळ निवडली की फोन वाचतो, वेग कमी-जास्त करता येतो. दर रविवारी एकच परीक्षा, आज्जीला पेशी समजावून सांगायची, आणि मी मागं बसून मोजणार की ठरवलेल्या दहा शब्दांतले किती शब्द त्याच्या तोंडातनं आपणहून आले.

नेहमीच्या पुस्तकानं ३. एक पान वाचायला पंचवीस मिनिटं, त्यात शीण एवढा की अर्थाकडं लक्षच नाही.

व्हिडिओनं मी फसलो. पोरगं खूश, मान डोलवतंय, "समजलं मामा, एकदम सोप्पं आहे", आज्जीला हातवारे करून सगळी पेशी सांगितली, आतली सगळी कामं बरोबर. शब्द आले २. बाकी सगळं "ती गोष्ट", "ते गोल असतंय ते", "पॉवर हाऊस". ह्यावर मी त्या वेळी विश्वास ठेवला नाही, म्हटलं सवय व्हायला पाहिजे, आणि विकतचा कोर्स वर्षाचा घेऊन टाकला. तीन महिने वाया. सरावाच्या पेपरात चित्र ओळखायचा, चार पर्यायातनं बरोबर पर्याय निवडायचा, पण रायटरला सांगायचा शब्द तोंडाशीच येईना. बघून ओळखणं आणि डोक्यातनं काढून बोलणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्याचं दुखणं नेमकं दुसरीत. व्हिडिओत सगळं काम व्हिडिओच करतो.

एनआयओएसच्या धड्यानं ५. पुस्तक दिसायला साधंच, कोण हरखून जाणार नाही. पण तुकडे छोटे, आणि दर दोन-तीन पानांनी लगेच प्रश्न. तुकडा ऐकायचा, फोन पालथा ठेवायचा, प्रश्नाचं उत्तर तोंडानं द्यायचं, मग पुढं. ह्या थांब्यांनी काम केलं. शेवटी कणा हाच धरला, आणि जिथं अडेल तिथं सीके-१२ ह्या वेबसाइटचं फुकटचं बायो, आणि व्हिडिओ फक्त धडा झाल्यावर, आधी नाही.

मध्ये कुणीतरी डिस्लेक्सियासाठीचे खास फॉन्ट आणि रंगीत प्लास्टिकचे कागद सुचवले. आणले, आठवडाभर मजा वाटली, फरक शून्य. अक्षर मोठं आणि ओळीत, अक्षरांत अंतर जास्त, एवढ्यानं मात्र खरंच फरक पडला, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

शब्दांचा प्रश्न तरी उरलाच, आणि तो सुटला उलट्या बाजूनं. मी सुरुवातीला मराठी शब्द बंद केले होते, आता इंग्लिशच बोलायचं म्हणून. घोडचूक. एके दिवशी मायटोसिस आणि मायोसिस ह्या पेशीविभाजनाच्या दोन प्रकारांत तो चौथ्यांदा घसरला, त्याच्या कानाला दोन्ही जवळजवळ एकच. मी वैतागून म्हटलं, "अरे सूत्री आणि अर्धसूत्री." तो लगेच, "मग असं सांगा की, अर्धं म्हंजे गुणसूत्रं निम्मी होत्यात ते." म्हंजे मराठी शब्दाच्या पोटातच अर्थ बसलाय आणि मीच तो दरवाजा बंद करून बसलोय. त्या दिवसापासनं प्रत्येक शब्दाची चिठ्ठी, एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला मराठी शब्द फोडून आणि इंग्लिश शब्दपण फोडून. क्लोरो म्हंजे हिरवं, प्लास्ट म्हंजे लवक, हरितलवक. ग्लायको म्हंजे साखर, लिसिस म्हंजे फोडणं, ग्लायकोलिसिस. फॅगो खाणारं, साइट पेशी, फॅगोसाइट, भक्षक पेशी. एकदा लिसिस कळलं की हायड्रोलिसिस, हिमोलिसिस आपोआप उलगडायला लागले. आख्खा शब्द पाठ करणं त्याला जमत नाही, तुकडे जोडणं जमतं. अशा चारशेच्या वर चिठ्ठ्या झाल्या, ताईच्या पापडाच्या डब्यात आहेत.

धड्यांचा क्रमपण पुस्तकाचा ठेवला नाही, बागेचा ठेवला. ह्याबद्दल मला शिकवणीतल्या सहकाऱ्यांनी येड्यात काढलं. पण पोरगं द्राक्षाच्या घरातलं. ऑक्टोबर छाटणी झाली, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावली, त्या आठवड्यात सुप्तावस्था आणि वाढीची संप्रेरकं. मणी धरायच्या वेळेला घड जीएमध्ये बुडवतात, दाजी म्हणतात "जीए मारलं", ते जीए म्हंजे जिबरेलिक ॲसिड हे पोराला पुस्तकात सापडलं तेव्हा त्यानं पुस्तकच उचलून दाजींना दाखवायला नेलं. मग प्रश्न, मणी फुगवायला बाहेरनं का द्यायचं? कारण थॉमसन ह्या आमच्या द्राक्षाच्या जातीत फलन होतं पण बी पुढं वाढत नाही, आणि हे संप्रेरक, जिबरेलिन, तयार करायचं काम एरवी बी करतं. बिनबियांचं द्राक्ष म्हणून बाहेरनं संप्रेरक. हे त्यानं आज्जीला सांगितलं, बाजूला दाजी ऐकत होते, म्हणाले, "वीस वर्षं बुडवतोय, असं का ते आज कळलं."

एप्रिल छाटणीनंतर शेंडा मारला की बगलफुटी निघते, तिथं अग्रप्रभाव, म्हंजे शेंडा बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतो ते, आणि त्यामागचं संप्रेरक ऑक्झिन. डॉगरीज जातीच्या खुंटावर थॉमसनची काडी कलम केलेली, तिथं कॅम्बियम, म्हंजे सालीखालचा वाढणारा थर, आणि त्याचाच प्रश्न की मग मण्यात जनुकं कुणाची, खुंटाची का काडीची. तास-ए-गणेश ही आपल्याच भागात थॉमसनमधनं निवडून काढलेली जात, तिथं उत्परिवर्तन, म्हंजे जनुकातला बदल. भुरी आणि डाउनी हे वेलीवरचे दोन रोग तर रोजचं दुखणं. दोन्ही बुरशीच असं सगळा गाव म्हणतो, पण भुरी खरी बुरशी आणि डाउनीचा जीव बुरशीसारखा दिसणारा दुसऱ्याच घराण्यातला, समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जवळचा. वर्गीकरणाचा धडा, जो माझ्या क्लासात सगळ्यात कंटाळवाणा असतो, तो ह्याला सगळ्यात आवडला, कारण त्यातनं औषध कुठलं चालंल ते ठरतंय.

सगळंच बागेत बसलं नाही, हेपण सांगतो. माणसाचा मेंदू, किडनी, डीएनएचं कॉपी होणं, ह्याला बागेत काय नाही. किडनीला मिक्सरच्या फिल्टरपासून चहाच्या गाळणीपर्यंत सगळं वापरून झालं, नेफ्रॉन, म्हंजे किडनीतली गाळणारी बारीक नळी, आजपण कच्चाच आहे.

प्रॅक्टिकल अभ्यासकेंद्रावर झालं, पण तिथं जाऊन पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक बघणारं पोर गडबडतं, म्हणून घरी फोल्डस्कोप आणला, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांनी काढलेला घडीच्या कागदाचा. भुरीची पांढरी पावडर चिकटपट्टीवर घेऊन बघितली, कांद्याची साल बघितली. एकदा सप्टेंबरात कासच्या पठारावर नेलं, ड्रॉसेरा ह्या किडे खाणाऱ्या झाडाच्या चिकट पानावर अडकलेला चिलट बघून म्हणाला, "ह्याला जमिनीतनं नायट्रोजन मिळंना म्हणून हे धंदे." म्हटलं हे रायटरला ह्याच शब्दांत सांगू नको फक्त.

आणि आता तो रायटर. नियमाप्रमाणे आपला रायटर आपण आणला तर तो शिक्षणात एक पायरी खालचा पाहिजे. बरोबर आहे, नाहीतर तोच पेपर सोडवंल. पण त्याचा परिणाम असा की रायटरनं एन्डोप्लाझमिक रेटिक्युलम हा पेशीतल्या जाळ्याचा शब्द जन्मात ऐकलेला नसतो. पोरगं बरोबर बोलणार आणि कागदावर भलतंच उमटणार. म्हणून पोराच्या चुलत भावाला रायटर ठरवून दर शनिवारी तालीम. पोरानं शब्द तुकड्यात सांगायचा, एन्डो, प्लाझ, मिक, असं थांबत, ह्यानं ऐकू आलं तसं लिहायचं, मी वाचून कळतंय का बघायचं. पहिल्या तालमीत भावानं ऑस्मोसिसच्या जागी 'आसमा सीस' लिहिलं, दोघं हसून लोळले. उत्तर सांगायच्या आधी मुद्दे किती ते बोलायचं, "तीन मुद्दे लिही", मग पहिला. आकृती स्वतः काढायची, नावं सांगायची. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, ती वाचायला नाहीत, लिहिलेलं परत वाचून घ्यायला ठेवायची, हे त्याला सवयीचं व्हायला चार महिने लागले. माझं प्रामाणिक मत, ह्या तालमींनी जेवढे मार्क दिले तेवढे कुठल्याच पुस्तकानं दिले नसते.

टीएमए मात्र स्वतःच्या हातानं. तो बोलायचा, फोन टाइप करायचा, मग ते मोठ्या अक्षरात बघून उतरवायचा, एकेकाला चार दिवस. ताई म्हणायची "मी लिहून देते की", दिलं नाही लिहू.

पहिल्या वर्षी फक्त बायो आणि इंग्लिश दिलं. बायो थेअरीत ८० पैकी ४९, प्रॅक्टिकलला १७. गावात कुणी पेढे वाटण्याएवढं नाही, पण कॉलेजातल्या २५ पैकी ४ च्या कागदाशेजारी ताईनं ही मार्कशीट देवघराच्या कपाटात ठेवलीय.

आता केमिस्ट्री सुरू केलीय आणि बायोची निम्मी कला तिथं चालत नाही. फोन समीकरण वाचताना बाण आणि खालचे छोटे आकडे सरळ गिळून टाकतो, आणि चुलत भाऊ यंदा बारावीला गेला, म्हंजे पायरी बरोबरीची झाली, त्यामुळं नवा रायटर शोधतोय, दहावी झालेला, अक्षर बरं असलेला आणि शनिवारी रिकामा असणारा.